एसटी वेळेवर आली होती

हे मी नवऱ्याला सांगितलं न्हाई, देवालाबी न्हाई. तुमाला सांगून राहिले, कारण वागवून वागवून थकले. बाकी काही न्हाई.

कमळी माझी धाकटी बहीण. आमचं माहेर साखऱ्याजवळच्या तांड्यावर. तिथं बांगड्या घेऊन यायचा सलीम. दोघांचं जुळलं, आन् तिनं ते फक्त मला सांगितलं. "बाई, तो त्याची नमाज सोडणार न्हाई, मी माझा तीजेचा सण सोडणार न्हाई. कुणी कुणाला बदलायचं न्हाई. असंच नांदायचं." केवढी हिंमत पोरीची! मी बघतच राहिले.

हिंगोलीला कोर्ट मॅरेज ठरलं. तीन साक्षीदार लागत होते. सलीमचे दोन दोस्त, आन् तिच्याकडून मी. तिचा हात हातात घेऊन मी व्हय म्हणाले होते.

त्या दिवशी मी सासरहून, शिरड शहापूरहून निघाले. पिशवीत रेशन कार्ड. एसटी — काय सांगू — बराबर वेळेवर आली. खिडकीजवळ जागाबी मिळाली.

वाटेत औंढ्याला गाडी थांबली, आन् मी उतरले.

काहून उतरले? बाप मारील, सासरचे हाकलतील, म्हणून भ्याले — असं मी माझ्याच मनाला लई वर्षं सांगितलं. खोटं हाय ते. माझ्या पोटात दुखलं. मलाबी एकदा एकानं विचारलं होतं. तो आमच्यातला नव्हता, म्हणून मी मान खाली घातली आन् बापानं दाखवलेल्या घरी नांदायला आले. मग हिनंच काहून मनासारखं करावं? एवढंच होतं बघा माझ्या मनात. दुपार ढळेपर्यंत नागनाथाच्या देवळात बसले. नारळ फोडला. वर खोबरंबी खाल्लं — लाज न्हाई वाटली.

तिकडं सलीम म्हणत होता, दुसरा साक्षीदार बघू, माणसं काय कमी हायेत? कमळी म्हणाली, न्हाई, बाई येणार, थांबू. माझ्यासाठी थांबली ती. तेवढ्यात तांड्यावरच्या कुणीतरी तिला बघितलं, बापाला खबर दिली. कचेरी बंद व्हायच्या आत बाप आन् चुलते जीप घेऊन हजर. पंधरा दिवसांत तिला पुसदकडं उजवून टाकली. सलीम गाव सोडून गेला, कुठं ते म्हाईत न्हाई.

मी तिला सांगितलं, एसटी वाटेत बंद पडली गं. तिनं माझेच डोळे पुसले. म्हणाली, "तुझा काय दोष, बाई?"

बावीस वर्षं झाली. दर रमजानला ती एक रोजा धरते. घरात सांगते, डोकं दुखतंय, जेवायचं न्हाई. संध्याकाळी मला फोन करते — "सोडला गं." एवढंच. दुसऱ्या कुणाला ती हे सांगत न्हाई, माझ्यावरच भरोसा तिचा. आन् मी विचारते, खजूर होता का घरात?

परवा तिचा फोन आला. तिची पोरगी पुण्यात नोकरीला हाय, तिचं एका ख्रिस्ती पोराशी जुळलंय. नवरा न्हाई म्हणतोय, पण या वेळी कमळी स्वतः पोरीच्या मागं उभी हाय. कोर्ट मॅरेजच करणार. साक्षीला मला बोलावलं.

मी व्हय म्हणाले.

ती हसली. "बाई, या वेळी आदल्या दिवशीच ये बरं. एसटीचा काय भरोसा?"

"व्हय गं," मी म्हणाले. "एसटीचा काय भरोसा."