जीप सरळ चालेपर्यंत मासे बंद

गावच्या सातेरी देवीसमोर मी एकदा बोलून गेले, "आई, ह्यांची जीप सरळ चालू दे. तोवर मी मासे तोंडात घालणार नाही." तेव्हापासूनचे हे किस्से. घरात जुनी जीप असली की किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी अंगणात पानं पडलेली असतात, तसे ते आपोआप साचतात.

आमचे हे डिचोलीच्या एका खाणीवर जीप चालवायचे. खाण बंद पडली तेव्हा तीच फोर-व्हील जीप विकत घेऊन हळर्णला आले. स्टेअरिंग वीतभर फिरवल्यावर मग कुठे चाकांना कळायचं. म्हणून सरळ रस्त्यावरही ह्यांचे हात सारखे डावी-उजवीकडे. मी काही बोलले नसते. पण मुलगा जहाजावर, सून माया गरोदर, आणि म्हापशाच्या इस्पितळात तिला मीच जीपमधून नेणार, हा ह्यांचा हट्ट. टॅक्सीचं नाव काढलं की ताटावरून उठायचे.

*

एकदा पेडण्याच्या तिठ्यावर पोलिसाने आम्हाला थांबवलं. जीप डुलत येताना त्याने लांबूनच बघितली होती. ह्यांना नळीत फुंकायला लावलं. काही निघालं नाही. मग खाली उतरवून पांढऱ्या पट्टीवरून चालायला सांगितलं. हे आपले संचलनातल्यासारखे ताठ चालले.

पोलीस म्हणाला, "म्हणजे भाई शुद्धीवर आहेत, जीपच घेऊन आलीय."

*

मग औषधोपचार सुरू झाले. शेजाऱ्याने टायरात हवा भरायला सांगितलं, भरली. अलाइनमेंट केली, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी डिचोलीचा आमचा मेकॅनिक बाबलो आला. त्याने स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू चांगला आवळून दिला.

पहिल्याच वळणावर स्टेअरिंग वळलं ते परत येईना. जीप थेट काजूच्या बागेत. कुणाला लागलं नाही, देवीची कृपा. मालक बोंडू गोळा करत होता. त्याने शांतपणे विचारलं, "भाई, फाटकातून यायचं नव्हतं काय?"

बाबलोने स्क्रू पुन्हा सैल केला.

*

नवस माझ्या एकटीचा होता. पण मी खात नाही म्हटल्यावर माशांच्या हुमणाची चव बघणार कोण? सगळ्या घराचेच मासे बंद झाले. माया बिचारी डोहाळ्यांतही भाजी-भातावर राहिली. ह्यांना मात्र शेजारच्या बांगड्यांचा वास आला की पाणी पिऊन यावं लागे.

एके दिवशी पूजा आटोपत होते, तर दारात येऊन हळूच म्हणाले, "देवीला विचार गो, सुकट तरी चालेल काय."

मी घंटा जोरात वाजवली. त्याच दिवशी ह्यांनी बाबलोला घरी बोलावलं.

*

या वेळी बाबलोने जीप जॅकवर चढवली नाही. चाकं जमिनीवरच ठेवून तो खाली शिरला आणि ह्यांना स्टेअरिंग जरा जरा हलवायला सांगितलं. पण हे खाणीतला चढ चढावा तसे गरागरा फिरवायला लागले. बाबलो खालून ओरडला, "वैनी, तुम्ही बसा!"

मी पाळणा हलवावा तसं हलवत राहिले. थोडं इकडे, थोडं तिकडे. तोंडात देवीचं नाव. तो एकेका सांध्यावर हात ठेवत गेला. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकाशी बोटांना खटखट लागली. स्प्रिंगच्या पाट्यांची रबरी बुशंही खलास. आख्खा एक्सलच बाजूला सरकत होता. सगळं नवीन घातलं, मग अलाइनमेंट.

बाबलोने चालवली. दोरीसारखी सरळ. ह्यांनी चालवली. पुन्हा डुलायला लागली.

बाबलो म्हणाला, "भाई, जीप बरी झाली. आता हात आणा गॅरेजात."

*

माया म्हणाली, "आई, तुम्ही जीपचंच सांगितलं होतं ना? मग नवस फिटला."

मी म्हटलं, "बाय, चालवणारा जीपमध्येच बसतो." मासे बंदच राहिले.

*

आणि एका सकाळी मायाच्या कळा सुरू झाल्या. हे स्टेअरिंगवर बसले. हळर्णपासून ह्यांचे हात हलले नाहीत; नैवेद्याचं ताट न्यावं तसं स्टेअरिंग धरलेलं. पेडण्याच्या तिठ्यावर तोच पोलीस. त्याने हात केला, खिडकीशी आला, ह्यांच्याकडे निरखून बघितलं.

"भाई, आज सरळ येताय. बरं वाटत नाही काय?"

मागे माया कळा विसरून हसली.

दुपारी नात झाली. संध्याकाळी ह्यांनी म्हापशाहून बांगडे आणले.

तुमची जीप डुलत असेल, तर तुम्हीही असंच करा. चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग पाळण्यासारखं हलवा, दुसऱ्याने खाली बघा. पण त्याआधी देवीला सांगून मासे सोडा. त्याशिवाय घरातला पुरुष खाली बघायला माणूस बोलवत नाही.