आधी तुम्ही काढा

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. अण्वस्त्रांवर बोलताना माझा आवाज दरवर्षी चढतो. ज्या देशांकडे बाँब आहेत, ते अधूनमधून जगापुढे अहवाल ठेवतात. गुळगुळीत कागद, गोड भाषा. एक म्हणतो, आम्ही पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी केले. उरले किती, ते विचारायचं नाही. दुसरा म्हणतो, आमच्याकडे फक्त गरजेपुरते आहेत. गरज किती, ते गुपित. तिसरा तर आहेत म्हणत नाही आणि नाहीतही म्हणत नाही. आपणही आकडा सांगत नाहीच. हे ऐकून पोरं हसतात आणि माझं डोकं फिरतं.

मुकुंदवाडीच्या बाजूला आमचं घर, गल्लीच्या अगदी टोकाला. नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी अलीकडची सगळी घरं लाइनला थेट मोटर लावून ते ओढून घेतात आणि आमच्यापर्यंत करंगळीएवढी धार पोचते. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात. सगळ्यांनी मोटरी काढल्या तर सगळ्यांनाच पाणी पुरेल, म्हणून मी एका रविवारी गल्लीची बैठक बोलावली.

"मोटर कुणाकुणाकडे आहे, ते आधी खरं सांगा," मी म्हटलं.

कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं हाय बी म्हणत नाय, नाय बी म्हणत नाय. शेजाऱ्याला कळलं तर तो मोठी आणंल."

निवृत्त हेडमास्तर अभिमानानं म्हणाले, "आमच्याकडं दोन होत्या. निम्म्या कमी केल्या." म्हणजे एक चालूच होती.

मी सुचवलं, हौदाची झाकणं उघडून एकमेकांना दाखवू. त्यावर सगळ्यांनी असे चेहरे केले, जणू मी त्यांची कपाटं उघडायला सांगितली. शेवटी ठरलं, की मोटर काढून गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त 'काढली' असं लिहायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी लिहिलं, वर हात जोडल्याची चित्रंही टाकली.

पाण्याच्या दिवशी सकाळी नळ सुटले आणि गल्लीभर घरघर सुरू झाली. मी तणतणत दारातून परत फिरले, तर तीच घरघर आमच्या हौदातून! नवऱ्यानं मला न सांगता मोटर बसवून घेतली होती.

"अगं, यांच्या शब्दावर आईला ओल्यात निजवू का?" तो म्हणाला.

मला इतकी लाज वाटली, की मी ऐकूनच घेतलं नाही. तिथल्या तिथे गल्लीला हाका मारल्या, झाकण उघडलं आणि सगळ्यांदेखत त्याला मोटर काढायला लावली. कुणीतरी सुरुवात केली, की बाकीचे निदान लाजेकाजेस्तव करतील, असं मला खरंच वाटलं होतं.

सगळे वाकून वाकून बघत होते. "लई भारी केलं मॅडम," दुकानदार म्हणाले आणि लगेच नवऱ्याकडे वळले, "अर्ध्या एचपीची व्हय? आमची एकची हाय, तरी टाकी भरत नाय." मग हेडमास्तरांनी त्यांची सांगितली, त्यांच्या समोरच्यांनी आपली. बघता बघता प्रत्येक घरातल्या मोटरीची ताकद मला कळली. ज्या आकड्यांसाठी मी घसा कोरडा केला होता, ते सगळे मिळाले. मोटर मात्र आमची सोडून एकही निघाली नाही.

पुढच्या पाण्याला आमचा नळ कोरडाच राहिला. चादर न्हाणीघरात तशीच पडून होती आणि सासूबाई आतून विचारत होत्या, "पाणी आलं का गं?" नवऱ्यानं मोटर बसवायचा पाना आणून माझ्या हातात दिला.

मी तो घेतला. गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा मला नवऱ्याचाच जास्त राग आहे.