बिगुल होईपर्यंत

यार्मिला गाडी नेहमी उलटी लावायची. शेताच्या कडेला आली की थोडी पुढे न्यायची, वळवायची आणि मागे घेत घेत अशी उभी करायची, की बोहूशच्या बाजूची काच बरोबर उताराकडे यावी. सव्वीस वर्षं ब्र्नो शहरात ट्रॉलीबस चालवलेली बाई ती. चिखलाच्या गाडीवाटेवर जुनी श्कोडा फिरवण्याचं तिला काय! बोहूशला मात्र जन्मात गाडी चालवता आली नाही. नेपोलियनचा शिपाई, आणि लढाईवर जायचा तो बायकोच्या शेजारी बसून, मांडीवर डबा घेऊन. यावरून सगळी पलटण त्याला हसायची.

पलटण हौशी लोकांची. दर डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी त्वारोझ्ना गावाबाहेर, सांतोन टेकडीच्या पायथ्याशी ही माणसं दोनशे वर्षांपूर्वीचे गणवेश चढवून नेपोलियनने रशिया-ऑस्ट्रियाला हरवलेली ऑस्टरलिट्झची लढाई पुन्हा लढतात. बोहूश एरवी कारखान्यात लेथवर काम करायचा, त्या दिवशी फ्रेंच पायदळात असायचा. त्याचा निळा कोट यार्मिलानेच शिवलेला, आतलं अस्तर ट्रॉलीबसच्या आगारातल्या जुन्या पडद्यांचं.

कारखान्यात गुडघ्यावर लोखंड पडलं तेव्हापासून त्याला धड धावता येईना. मग कप्तानाने त्याला पहिल्याच फैरीत मरायचं काम दिलं. आणि मरण्यात बोहूशचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. गोठलेल्या चिखलात पाऊण पाऊण तास पडून राहायचा. एकदा त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून घोडा गेला, तरी पापणी हलली नाही. नियमच होता तसा. मेलेल्याने बिगुल होईपर्यंत उठायचं नाही, आणि रांगेने मेलेल्यासाठी थांबायचं नाही. मागच्याने त्याला ओलांडायचं आणि त्याची जागा भरायची.

यार्मिलाने त्याला मरताना एकदाच पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. एरवी ती त्याला सोडून सरळ घरी यायची. त्या वर्षी थांबली, प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोराच्या मागे, हातात चहाचा थर्मास घेऊन. पहिली फैर झडली आणि बोहूश असा कोसळला, की तिला ते खरंच वाटलं. पुढचं तिला आठवत नाही, लोकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. ती दोराखालून वाकून आत शिरली आणि पर्स सावरत धुरातून पळत सुटली. फ्रेंच सैन्याला दुभंगून तिला वाट द्यावी लागली. ती चिखलात गुडघे टेकून बसली.

"बोहूश! कुठे लागलं रे? बोल ना!"

बोहूशचे डोळे मिटलेले. ओठ न हलवता तो म्हणाला, "मागे जा, बये. मी मेलोय. बिगुल झाला की ये."

हजारो माणसं हसली. ढोलवाला लुबोश हसता हसता ठेका चुकला, तर अर्ध्या पलटणीचे पाय चुकले. पुढे कित्येक वर्षं कुणीही भेटलं की बोहूशला विचारायचं, "काय रे, यंदा नीट मरू देणार का तुझी बायको?"

यार्मिला पुन्हा कधी थांबली नाही. लोक हसले याचा राग तिला नव्हता. तिने पाद्रीबाबांना कबुलीजबाबात सांगितलं, "फादर, नवरा मेल्यावर कसा दिसेल ते मला आधीच दिसलं. ते काही डोळ्यांपुढून जात नाही." फादर म्हणाले, "त्याच्यासाठी प्रार्थना करा." प्रार्थना तर ती रोजच करत होती.

दोन वर्षांपूर्वी बोहूशला झटका आला. उजवं अंग गेलं, आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही तोंडाशी कान नेला तर ऐकू यायची. तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ती त्याला गाडीत घालायची आणि रणभूमीवर फिरवायची. कुठल्या वाटेला गाडी शेतापर्यंत जाते, कुठे चाकं रुततात, कुठल्या बांधाला व्हीलचेअर चढते, सगळं तिला पाठ झालं. बोहूश काचेतून डाव्या हाताने दाखवायचा आणि ती लाल छत्री घेऊन तिथे जाऊन उभी राहायची. म्हणजे तिथे रशियन पलटण आली असं समजायचं. तो हात डावीकडे हलवायचा, ती डावीकडे सरकायची. थांब म्हणाला की थांबायची. बीट काढून नेलेल्या रानात, बुटांना शेरभर माती चिकटलेली ही सत्तरीची बाई एकटी रशियाची सगळी फौज होऊन उभी असायची. ट्रॅक्टरवाले बघून जायचे.

"हरले का रे मी?" परत येऊन ती विचारायची.

बोहूशच्या तोंडाची डावी बाजू हसायची. ती दरवेळी हरायची.

ऑगस्टमध्ये तो न्हाणीघरात घसरला. तिने उचलायला जोर लावला आणि तिच्याच पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं. दोन तास दोघं ओल्या फरशीवर बसून होती. शेवटी शेजारच्या होलूबबाईंनी दार वाजवलं तेव्हा सुटका. तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "आता पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. नवरा तर नाहीच." चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात बोहूशसाठी एक जागा रिकामी झाली होती. सोमवारी सकाळी नऊला या, असं कळवलं.

बोहूशला ते अकरा दिवस आधी तिनेच सांगितलं, सूप भरवताना. त्याने तोंड मिटून घेतलं. त्यानंतर तिच्याशी तो एक अक्षर बोलला नाही. पाणी हवं असलं तरी नुसतं ग्लासकडे बघायचा. ती रात्री उठून दोनदा त्याची कूस बदलायची आणि अंधारात म्हणायची, "अरे, रागाव तरी माझ्यावर." तो छताकडे बघत असायचा.

त्याने हो म्हणावं एवढंच तिला हवं होतं. नाही म्हणाला असता तर डॉक्टरांचं न ऐकता तिने त्याला घरीच ठेवलं असतं, मग पोट फाटलं तरी चालेल. पण तो काहीच बोलेना, आणि मुकाट्याने त्याला उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. उद्या सोमवार. मिस्सा झाल्यावर चर्चमधल्या दोघांनी त्याला गाडीत बसवलं आणि ती त्याला घेऊन निघाली. धुकं होतं. आधी झुरान टेकडी, जिथून नेपोलियनने लढाई पाहिली म्हणतात. तिने गाडी उलटी लावली, काच खाली केली. बोहूशचा हात मांडीवरून उठला नाही. मग तेल्नित्सेच्या ओढ्याकाठी. तिथे ती सांगितल्याशिवायच छत्री घेऊन उतरली, शेतात दूरवर जाऊन उभी राहिली आणि वळून बघत राहिली. गाडीच्या काचेत त्याचा पांढरा चेहरा दिसत होता. हात नाही. ती पाच मिनिटं उभी होती. पुढे सरकावं की मागे, हेसुद्धा कुणी सांगेना.

परत येऊन तिने थर्मास उघडला, कोलाचा म्हणजे गोड पाव मोडून त्याला भरवला. त्याने खाल्ला. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली, "मग तिकडे जाऊ. तिथे तरी बोलशील."

प्रात्से गावाच्या टेकडीवर शांतीची समाधी आहे. चारी बाजूंच्या रानांत नांगराला लागलेली हाडं, फ्रेंचांची, रशियनांची, ऑस्ट्रियनांची, तिथल्या चॅपलमध्ये एकत्र पुरलेली आहेत. त्या चॅपलच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोललं, की समोरच्या दूरच्या कोपऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतं. मधे उभ्या असलेल्याला काही कळत नाही. शाळेतली पोरं एकमेकांना शिव्या देऊन बघतात.

बोहूश तरुणपणी फार लाजरा. तोंडावर काही बोलायचा नाही. तेव्हा ती ट्रॉलीबस शिकत होती. एका रविवारी त्याने तिला इथे आणलं, एका कोपऱ्यात उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात गेला. भिंतीतून आवाज आला, "यार्का, मला गाडी चालवता येत नाही. तू चालवशील का? कायमची?" देवाच्या घरात असं बोलावं का, म्हणून ती लाजली होती. पण हो म्हणाली होती.

तिकिटाच्या खिडकीत आता लुबोश बसतो, तोच ढोलवाला. गाडी बघून तो बाहेर आला.

"या वहिनी! आणि हा मेलेला कसा आहे?" मग त्याने बोहूशचं तोंड पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काय झालं?"

"उद्या आश्रमात सोडायचंय त्याला. बोलत नाही माझ्याशी."

लुबोशने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "बोहूश, साल्या, यंदा पहिल्या फैरीत मरायचं कुणी? त्या नव्या पोरांना पडतासुद्धा येत नाही. हात आधी टेकतात."

बोहूशने डोळे मिटले.

पायऱ्यांवरून खुर्ची लुबोशने आणि एका पाहुण्याने उचलली. तिने फक्त ब्लँकेट धरलं. बोहूशला त्याच्या जुन्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. लुबोशने पाहुण्याला बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं.

यार्मिलाने वेदीपुढे क्रूसाची खूण केली आणि समोरच्या कोपऱ्यात गेली. दगड गार होता. काय बोलायचं ते तिने रस्त्यात ठरवलं होतं, पण ऐनवेळी एवढंच निघालं, "बोहूश, मला उचलवत नाही रे तुला."

भिंतीतून श्वास ऐकू आला. थेट कानात, उशीवर येतो तसा. तिला गेले दहा दिवस आठवले आणि रडू कोसळलं.

"घेऊन जाऊ ना उद्या? तू म्हणशील तसं. नको म्हण, मी नाही नेणार."

श्वास थांबला. ओठ चाटल्याचा आवाज आला. एकेक शब्द जड दगड सरकवावा तसा आला.

"मागे... जा... बये."

ती भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"मी... मेलोय."

तिने वळून पाहिलं. एवढ्या लांबून त्याचा डावा खांदा हलताना दिसला. हसत होता तो. गाल ओला होता, पण हसत होता. बत्तीस वर्षांपूर्वीचं ते चिखलातलं वाक्य त्याने जपून ठेवलं होतं आणि आज परत दिलं होतं. ती पुढचं ऐकायला पुन्हा भिंतीकडे वळली. त्या वाक्याचा एक तुकडा अजून राहिला होता. तो येईना. बोहूशचा दम संपला होता.

मग तिनेच भिंतीला तोंड लावलं. "बिगुल झाला की येईन."

सोमवारी नऊला तिने आश्रमाच्या अंगणात गाडी लावली. सवयीने उलटीच, त्याची काच दाराकडे. दोन सिस्टर माणूस उचलायचं एक यंत्र ढकलत आल्या. पट्टे लावले, बटण दाबलं, आणि तिला जे तीन महिने जमलं नव्हतं ते एका मिनिटात झालं. ती रिकाम्या हातांनी बघत राहिली. पुढे ती रोज जात होती. तो थोडं बोलायचाही. सूप खारट आहे, खिडकी लाव, असलं. नोव्हेंबरात, मार्टिन संतांच्या सणानंतर चार दिवसांनी, पहाटे, तो झोपेतच गेला. तिने त्याला पाहिलं. त्या लढाईत दिसला होता तसा नव्हता. तोंड थोडं उघडं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ती त्वारोझ्नाला गेली. शेजारची जागा रिकामी होती, तरी डबा तिने तिथेच ठेवला. दोराच्या मागे उभी राहिली. पहिली फैर झडली. निळ्या कोटातला एक नवा पोरगा पडला, आधी हात टेकून. मागच्याने त्याला ओलांडलं. ती हलली नाही. पाऊण तास थंडीत थर्मास धरून उभी राहिली, बोटं बधिर झाली तरी.

बिगुल झाला. मैदानभर मेलेले उठले, टोप्या शोधू लागले, एकमेकांना हात देऊ लागले. यार्मिला एकेक चेहरा बघत होती. सगळे उठून झाल्यावरही बघत होती.

लुबोश ढोल काढून दोरापाशी आला. नाक लाल झालं होतं. तो तिच्या शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, चहा आहे का त्यात?"

तिने झाकण उघडलं. चहा अजून गरम होता. तिने त्याला ओतून दिला.