वर केलेला हात

काल इथे अमेरिकेत, फ्रीमाँटच्या मैदानावर कापलेल्या गवताचा वास आला आणि लहानपणीची नागपूरची ती फुटबॉल मॅच डोळ्यांसमोर उभी राहिली. रोमानियाच्या दहा नंबरच्या डावखुऱ्या खेळाडूपायी मी वेडा होतो. त्याच्यासारखी पिवळी जर्सी हवी म्हणून आईने माझं बनियन हळदीत बुडवून दिलं होतं. आमचा कॅप्टन विवेक सगळ्यांना म्हणाला, "हा वस्तीतला, नंबर भरायला घेतलाय. याला पास द्यायचा नाही." पूर्ण मॅच मी डावीकडे हात वर करून उभा होतो. घामाने हळद अंगाला लागली, बॉल काही आला नाही.

तोच विवेक आता इथेच राहतो, आणि काल माझ्या टीममध्ये होता. गोलसमोर मोकळा, हात वर करून ओरडत होता, "पास दे ना यार!" मी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्या दहा नंबरसारखा लांबूनच डाव्या पायाने मारला. बॉल बारवरून गेला, आम्ही हरलो.

घरी येऊन मी पोटभर जेवलो.