साबणाच्या कारखान्यातलं नाक

साबणाच्या कारखान्यात बावीस वर्षं त्याला कोणी नावाने हाक मारली नव्हती. सगळे 'नाक' म्हणत, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. कढईतला साबण दुपारी ट्रेमध्ये ओतला जाई आणि रात्रभर थंड होई. सकाळी प्रत्येक घाण्याचा एक तुकडा हुंगून तो ट्रेवर खडूने खूण करी. हिरवी म्हणजे माल दुकानात, लाल म्हणजे परत कढईत. त्याच्या खुणेपुढे मालकीणबाईसुद्धा ब्र काढत नसत.

हिवाळ्यात त्याला ताप आला. चार दिवसांत ताप गेला, तो जाताना वास घेऊन गेला. त्याने व्हिनेगर हुंगलं, चिरलेला कांदा हुंगला, स्वतःचा घामट बनियन हुंगला. काही नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कदाचित नाहीही येणार." हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, असं पुटपुटत तो घरी आला आणि कोणालाच काही बोलला नाही, बायकोलाही नाही. नाक सोडून त्याला दुसरं काम येत नव्हतं. हे उघडं पडलं तर तिथे आपण कोण उरणार, या भीतीने त्याला जेवण जाईना.

आणि घरात होता ढब्बू. आखूड पायांचा, सदा भुकेला कुत्रा. मुलीच्या दप्तराच्या तळाशी महिनाभर पडलेलं बिस्किट त्याला बाहेरच्या खोलीतून कळे. बायको अजून कोपऱ्यावर असली तरी हा दाराशी शेपूट हलवत उभा. शेजारच्या मांजराला हात लावून आलात, तर तासभर तुमची उलटतपासणी. त्याच्याकडे बघून नाकाचा जळफळाट होई. मेल्याला फुकटात मिळालंय, आणि करतो काय, तर दिवसभर खांब हुंगत फिरतो!

त्या जळफळाटातूनच त्याला एक युक्ती सुचली. संध्याकाळी तो ट्रेमधले जेमतेम घट्ट झालेले तुकडे रुमालात बांधून घरी आणू लागला.

"एवढा साबण कशाला?" बायकोने विचारलं.

"ढब्बूला आंघोळ घालायला."

"रोज?"

तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून त्याने तुकडे जमिनीवर मांडले. ढब्बूने तोंड फिरवलं की लाल, शेपूट हलवली की हिरवी. लिंबाच्या साबणाला ढब्बू शिंकला आणि पलंगाखाली पळाला. सकाळी त्या घाण्यावर लाल खूण झाली. कढईत साबण घोटणारा कामगार वैतागला. "अरे, यात वाईट काय आहे?"

"नाक कोणाचं, तुझं की माझं?"

बिचाऱ्याने तोच साबण तीनदा वितळवला. मग गुलाबाचा घाणा आला. तो तुकडा ढब्बूने चाटला, पळवला, कोणाला जवळ येऊ देईना. नाक खूश झालं. सकाळी त्याने चाळीस ट्रेवर झोकात हिरवी खूण केली.

पंधरा दिवसांत दुकानांतून खोकी परत आली. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर एक वडी त्याच्यापुढे धरली. "कसला वास येतो?"

"गुलाब," तो म्हणाला.

घोटणाऱ्याने नाकाला रुमाल लावला होता. "खवट तेल," मालकीणबाई म्हणाल्या. "दाराबाहेरूनच कळतंय हो."

तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं, कुत्र्यासकट. हसलं कोणीच नाही, आणि ते त्याला जास्त लागलं. कुजकं हाड आणि कचऱ्याचा डबा जिवापाड आवडणारा प्राणी ढब्बू. त्याचं नाक बिनचूक होतं, आवड मात्र कुत्र्याची होती. एवढं साधं आपल्याला कळू नये, याचा त्याला स्वतःवर संताप संताप झाला.

मालकीणबाईंनी त्याला काढलं नाही, खोकी चिकटवायला बसवलं. पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा हातांना डिंक होता आणि कपड्यांवर पुठ्ठ्याची भुकटी. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मला ठाऊक होतं. दूध तीनदा करपलं, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

ढब्बू दारात आला आणि थबकला. लहानपणापासून त्याने या माणसाला साबणाच्या वासावरून ओळखलं होतं. तो हळूच गुरगुरला. हात हुंगले, बाह्या हुंगल्या, पुन्हा हात हुंगले. शेपूट काही हलेना.

तो उंबऱ्यावर खाली बसला आणि दोन्ही तळवे पुढे केले. "हुंग बाबा, नीट हुंग," तो म्हणाला. "मीच आहे का, ते मलाही सांग."