तिसरा थर

कर्णिकसाहेबांच्या अंगाला रॉकेलचा वास यायचा. घाटकोपरच्या चाळीत तळमजल्यावर राहणाऱ्या पारकरकाकू त्यांना संध्याकाळी जिन्यातच गाठीत. "काय ओ कर्णिकानू, आज पण रॉकेलान आंघोळ केलास?" "केली. उद्या तुमच्यासाठीही बादलीभर आणतो," असे गंभीर चेहऱ्याने सांगून साहेब वर जात.

अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढण्याची पद्धत साहेब बसवीत होते. त्यात रॉकेल कुठे येते, हे काकूंनाच काय, मलाही ठाऊक नव्हते. मुलुंडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून, पस्तिशी उलटल्यावर मी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी त्यांच्यापुढे मुलाखतीला बसलो. पन्नासचे दशक सरत आले होते. त्यांनी विचारले, "मास्तर, स्टोव्हची वात काळी का पडते?"

"नक्की सांगता येणार नाही," मी पुटपुटलो.

"उत्तम. पण हेसुद्धा मोठ्याने सांगत चला."

त्यांची पद्धत सांगायला सोपी होती. इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचे, त्यात रॉकेलमध्ये मिसळलेले एक फॉस्फेट ओतून हलवायचे आणि वाट पाहायची. हवे ते धातू वरच्या तेलकट थरात चढतात, नको ते खाली आम्लात राहतात. बाजारचे रॉकेल साहेब स्वतः धुऊन शुद्ध करीत, वास तिथला. प्लुटोनियम आमच्या हाती नव्हते, म्हणून त्याच्या जागी थोरियम घेत असू. काचेच्या बंद नरसाळ्यात हे द्रव स्थिरावत असताना कोणी वाद काढला, की साहेब म्हणत, "थर बसू दे रे, मग भांडा."

एका थंड सकाळी वरिष्ठांची समिती आली. ही पद्धत पुढे न्यायची, की धातू साक्याच्या रूपाने खाली बसवण्याच्या जुन्या रीतीकडे वळायचे, हे त्या दिवशी ठरणार होते. साहेबांची कित्येक वर्षांची मेहनत पणाला लागली होती. नरसाळे माझ्या हाती होते. ते उजेडाकडे धरले. वर तेल, खाली आम्ल, आणि मधोमध आणखी एक दाट, चकचकीत पट्टी.

शेजारी उभा असलेला सहकारी नाडकर्णी कुजबुजला, "तळहाताची ऊब दे ना जरा, विरघळून जाईल. कोणाला कळतंय?"

त्याचे म्हणणे खरे होते. उबेने ती पट्टी गेलीही असती. तेवढ्यात साहेबांनी विचारले, "मास्तर, काय दिसतंय?"

"तीन थर."

"मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या."

"तीन थर आहेत, सर!"

समितीचे अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे पद्धत फसली?"

"कुठे फसते ते सापडलं," साहेब शांतपणे म्हणाले. "तेलावर धातूचा भार जास्त झाला, की तेल दुभंगतं. कारखान्यात प्लुटोनियम याच मधल्या थरात साचलं असतं, आणि पोलादी भांड्यात ते कोणाला दिसलंही नसतं. एका जागी फार साचलं, की साखळी प्रक्रिया आपोआप पेटते. काचेत दिसलं, हे आपलं नशीब. किती भार चालेल, ते ठरवून देतो. मुदत द्या."

मुदत मिळाली, पण नाखुशीनेच. तेलाने किती धातू उचलावा, याची मर्यादा साहेबांनी त्या मुदतीत बांधून दिली.

कारखाना उभा राहिला तेव्हा ते निवृत्त झाले होते. ते पाहू शकले नाहीत, म्हणून सांगायला मी घाटकोपरला गेलो. आमची ती शेवटची भेट. त्यांना ऐकू फार कमी येत होते.

"तिसरा थर?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"नाही, सर. तुमची मर्यादा कोणी ओलांडत नाही."

"काय?"

"दोनच थर, सर! दोनच!" मी जीव खाऊन ओरडलो.

खालून पारकरकाकूंची खणखणीत हाक आली, "काय झाला ओ, कर्णिकानू? कोण बोंबलता?"

साहेबांनी कानामागे हात धरून ती ऐकली आणि डोळ्यांत पाणी येईतो ते हसले. मग खिडकीशी जाऊन त्यांनी खाली सांगितले, "काही नाही, काकू. आमचे मास्तर बोलायला लागले."