यकृताची नस आणि अकरा अंडी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी यकृत माझ्या गळ्यात मारलं. मासा, बेडूक, सरडा, कोंबडी, यांच्या यकृताला नस, म्हणजे मज्जातंतू, कुठून जाते ते सोडवून दाखवायचं. शिवाय अंड्यातल्या पिल्लात ती कधी पोचते, तेही. दवनीवाड्याहून गोंदियाला शिकायला आलेली मी एकटीच मुलगी. बाबांनी बजावलं होतं, नापास झालीस की पुस्तकं बंद, धानाच्या रोवण्याला, चिखलात रोपं लावायला यायचं.

महिनाभर एक धागा सापडेना. रक्तवाहिनी लख्ख करायची मला भारी हौस, म्हणून भोवतीचा पांढुरका पडदा मी आधी सोलून टाकायची. प्रयोगशाळेतले शिपाई मामा ढिवराच्या घरचे, मासे साफ करण्यात जन्म गेलेला. एक दिवस माझ्या ट्रेमधल्या माशावर वाकले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अवं बाई, सोलून काऊन राहिली? थ्या पडद्यातच तं हाये तुही नस!"

त्यांनी खिशातून साळिंदराचा काटा काढला. थेंबथेंब पाणी सोडत पडदा नुसता बाजूला लोटला, आणि वाहिनीला बिलगून यकृतात शिरणारा पांढरा धागा माझ्यासमोर! मग बेडकात, मग सरड्यात. धागा कुठे जाड, कुठे बारीक, पण वाट तीच. काय तो हात, अहाहा! मला माझ्या पाठांतराची लाज वाटली.

उबवणीची अंडी मामाच आणायचे, दिवसाची खूण कोळशाने केलेली. पाचव्या दिवशी पिल्लाचं यकृत तांबडं, टच्च भरलेलं, पण नस नाही. सातव्या दिवशीही नाही. सर म्हणायचे, असणारच. मी मुकाट्याने वहीतल्या सातव्या दिवसाच्या चित्रात नसेची रेघ काढून टाकली. मामांनी ती पाहिली.

"दिसली का तुले?"

"नाही."

"मंग जे दिसलं नाही थे काढाचं नाही. मानूस घर आदी बांधते, वाट मंग पडते."

"आणि मार्क गेले म्हणजे? रोवण्याला जाऊ का मी?" मी रडलेच.

ते अंडी आणत राहिले. पंधराव्या दिवसाच्या पिल्लात धागा आत शिरलेला भिंगाखाली स्पष्ट दिसला. मी आधीची रेघ खोडली.

परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं स्पिरिटमधलं सातव्या दिवसाचं पिल्लू पुढे सरकवलं. "नस दाखवा."

"नाही सर. अजून पोचलेली नाही."

त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग "बरोबर, पास," म्हणाले.

त्याच दुपारी पेढे घेऊन मी मामांच्या घरी गेले. अंगणात टोपल्यात कोंबडी बसलेली, खाली अंडं नाही, नुसतं भाताचं तणस. मामी म्हणाली, "अकराच्या अकरा अंडी तुह्या कालेजात गेली. कोंबडी काही उठून नाही राहिली."

माझा पेढ्याचा हात तसाच राहिला.

"बसू दे," मामा म्हणाले. "रोवण्याले तं नाही ना जा लागत आता तुले?"